मीठ टाकलं की झालं?

मंडळी, एक साधा प्रश्न. तुमच्या प्रॉडक्शन सर्व्हरची मेमरी किती टक्के भरली आहे हे रात्री दोन वाजता झोपेतून उठवलं तरी तुम्ही सांगाल. पण घरात किंवा सोसायटीत वॉटर सॉफ्टनर असेल, तर त्यातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा हार्डनेस आज किती आहे? नाही ना माहीत? मलाही माहीत नव्हता. "एएमसी आहे ना, मुलगा येऊन मीठ टाकून जातो" हे आपलं सगळ्यांचं ठरलेलं उत्तर. माझं म्हणणं एवढंच की न मोजता चालवलेला सॉफ्टनर हे पाणी मऊ करायचं यंत्र नव्हे, पैसे भरून मीठ गटारात ओतायचं यंत्र आहे. आणि त्यात दोष यंत्राचा नाही, आपला आहे.

तर झालं असं. आमच्या सोसायटीत पालिकेचं पाणी अर्धवट येतं, बाकी बोअर आणि टँकर. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपून आलेलं पाणी सोबत कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं, त्यामुळे नळांवर पांढरा थर, गीझरमध्ये खडू, साबणाला फेस नाही. (शाळेच्या पुस्तकात याला 'दुष्फेन' असा भारदस्त शब्द होता. तेव्हा पाठ केला, आता अंघोळीला रोज आठवतो.) गच्चीवर सॉफ्टनर प्लांट आहे, तरी तक्रारी चालूच. म्हणून मीटिंगमध्ये कंपनीचा माणूस आला. त्याने खिशातून टीडीएस मीटरचं ते पेन काढलं, एका ग्लासात प्लांटच्या आधीचं पाणी, दुसऱ्यात नंतरचं. आकडे आले ६१२ आणि ६०५. "बघा सर, तुमचा प्लांट कामच करत नाहीये. मोठा बसवावा लागेल." सभागृहात 'अरे बापरे' झालं. कोटेशन लाखांत होतं. सेक्रेटरी काका माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही इंजिनिअर ना? मग सांगा, आकडे खोटं बोलतात का?"

काका, आकडे खोटं बोलत नाहीत. पण चुकीच्या प्रश्नाचं खरं उत्तर देतात!

सॉफ्टनरमध्ये असतं काय, तर रेझिनचे बारीक मणी. त्यांच्यावर सोडियम चिकटलेलं असतं. जड पाणी त्यातून गेलं की मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. म्हणजे ही अदलाबदल आहे, गाळणी नव्हे. पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम हार्डनेस असेल (कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात, तसाच मोजतात) आणि तो सगळा कॅल्शियमचा धरला, तर १६० मिलिग्रॅम कॅल्शियम जातं आणि १८४ मिलिग्रॅम सोडियम येतं. वजनाने क्षार कमी होत नाहीत, उलट चिमूटभर वाढतात. ते पेन तर क्षार मोजतही नाही. ते पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतं आणि त्यावरून अंदाज बांधतं. त्यामुळे सॉफ्टनर झकास चालत असेल तरी आकडा जवळपास तोच, बंद पडला असेल तरी तोच. या मीटरने सॉफ्टनर तपासणं म्हणजे थर्मामीटर लावून वजन बघणं.

मग मोजायचं कशाने? हार्डनेसचं थेंबवालं टेस्ट किट मिळतं, काही शे रुपयांत. ठरलेल्या मापाचं पाणी घ्या, बफरचे थेंब टाका, इंडिकेटर टाका, पाणी वाईनसारखं लालसर होतं. मग ईडीटीएचे थेंब मोजत मोजत टाका, निळं झालं की थांबा. थेंब गुणिले बाटलीवर लिहिलेला आकडा, बास. प्रॅक्टिकलमध्ये असंच काहीतरी केलंय आपण. किट नसेल तर झाकणाच्या बाटलीत अर्धं पाणी आणि खऱ्या साबणाचा थोडा कीस घालून हलवा. मऊ पाण्यात भरपूर फेस येईल, जड पाण्यात दह्यासारखी साय. (डिटर्जंट नको, त्याला जड पाण्यातही फेस येतो.)

मी किट आणलं. प्लांटच्या आधी ४१०, प्लांटनंतर ४००. म्हणजे तक्रारी खऱ्या होत्या. सॉफ्टनर खरंच झोपला होता आणि कंपनीच्या माणसाचा निष्कर्ष योगायोगाने अर्धा बरोबर निघाला. पण तेवढ्यावरून तो छोटा आहे असं ठरत नाही. सर्व्हर उत्तर देत नाही म्हणून आपण थेट नवीन सर्व्हर विकत घेतो का? आधी लॉग बघतो ना?

सॉफ्टनरचा लॉग म्हणजे मिठाची टाकी. मणी कॅल्शियमने भरले की ते मिठाच्या पाण्याने धुवून पुन्हा सोडियमवर आणतात, याला रिजनरेशन म्हणतात. आधी उलट्या दिशेने पाणी सोडून मण्यातला गाळ काढायचा (बॅकवॉश), मग मिठाचं पाणी हळूहळू ओढून घ्यायचं, मग साध्या पाण्याने धुवायचं. मधली पायरी चुकली तर बाकी सगळं नाटक. मी रिजनरेशन लावलं आणि टाकीपाशी उभा राहिलो. पंधरा मिनिटांत पातळी बोटभरही उतरली नाही! मिठाचं पाणी ओढणाऱ्या इंजेक्टरची छोटी जाळी मिठातल्या मातीने तुंबली होती. प्लंबरला बोलावून ती उघडली, ब्रशने घासली, परत लावली. रिजनरेशननंतरचा हार्डनेस २० च्या आत. टाकी मिठाने काठोकाठ भरलेली होती, दर खेपेला भरली जात होती, सही-शिक्के होत होते. फक्त मीठ मण्यांपर्यंत पोचत नव्हतं, आणि किती महिने, ते कुणालाच सांगता येत नाही, कारण कुणी मोजलंच नव्हतं.

दुसरा नेहमीचा घोळ म्हणजे वर मिठाचा कडक पापुद्रा धरतो आणि खाली पोकळी. वरून बघणाऱ्याला वाटतं टाकी भरलेली आहे. उपाय एकच, महिन्यातून एकदा झाडूच्या दांड्याने ढोसून बघणे. बोअरच्या पाण्यात लोह असेल तर ते मण्यांवर बसतं, त्यासाठी आधी लोहाचा फिल्टर लागतो. जास्त क्लोरीन मणी कुजवतं. आणि मीठ स्वच्छ घ्या राव! मातीमिश्रित खडेमीठ चार पैसे स्वस्त पडतं आणि जाळी तुंबवतं.

आता मुख्य भांडण. घरगुती सॉफ्टनर बसवताना माणूस सांगून जातो, "दर तिसऱ्या दिवशी रिजनरेट करा, मीठ भरपूर टाका." कशावरून तिसऱ्या? हिशोब अवघड नाही. समजा २५ लिटर रेझिन आहे. एका वेळी २.४ किलो मीठ वापरलं तर ते साधारण ११५० ग्रॅम हार्डनेस धरतं. ६ किलो वापरलं तर साधारण १७२५. म्हणजे मीठ अडीचपट, काम फक्त दीडपट. पाणी ४०० हार्डनेसचं असेल तर ११५० ग्रॅममध्ये २८७५ लिटर मऊ होतं. चार माणसं, माणशी १३५ लिटर (शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत धरतात तो आकडा), म्हणजे दिवसाला ५४०. थोडी राखीव क्षमता सोडून दर चार दिवसांनी रिजनरेशन पुरे, महिन्याला १८ किलो मीठ. 'दर तिसऱ्या दिवशी सहा किलो' वाला महिन्याला ६० किलो ओततो. आणि पालिकेचं पाणी मिसळून हार्डनेस १५० वर आला, तर तेच रेझिन चौदा दिवस चालेल. तो मात्र तिसऱ्या दिवशी ओततोच आहे.

कमी मिठावर चालवलं की बाहेरच्या पाण्यात थोडा हार्डनेस उरतो, हे मान्य. पण अंघोळीला आणि कपड्यांना शून्य कशाला हवा? आणि लक्षात घ्या, टाकीत मीठ किती पडलंय याला काही अर्थ नाही, ओढलं किती जातं याला आहे. पूर्ण विरघळलेल्या मिठाच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३२० ग्रॅम मीठ असतं, म्हणजे २.४ किलोसाठी साडेसात लिटर ओढलं गेलं पाहिजे. टाकीवर मार्करने दोन रेघा मारा, झालं तुमचं मॉनिटरिंग. लिटर मोजणारा ऑटोमॅटिक व्हॉल्व असेल तर उत्तमच, पण त्यालाही हार्डनेसचा आकडा तुम्हीच भरायचा असतो. तो बसवताना जो भरला तोच कायम असेल, तर तुमचा ऑटोमॅटिक म्हणजे महागडं घड्याळ.

"अरे, थोडं मीठ जास्त गेलं तर काय बिघडलं? मीठच तर आहे!" हा पुढचा प्रश्न. बिघडतं. गटारात गेलेलं मीठ नाहीसं होत नाही. सोसायटीच्या एसटीपीमधले जिवाणू मैला खातात, मीठ खात नाहीत. तेच प्रक्रिया केलेलं पाणी आपण बागेला घालतो आणि मग झाडांची पानं कडेने का करपतात म्हणून माळ्याला बोलतो. कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटा खोऱ्यात घरोघरच्या सॉफ्टनरमधून नदीत इतकं क्लोराइड जाऊ लागलं की तिथे २००३ मध्ये मिठावर चालणारे नवे ऑटोमॅटिक सॉफ्टनर बसवायला बंदी आली, आणि २००८ मध्ये लोकांनी मतदान करून आधी बसवलेलेही काढायला लावले. आपल्याकडे तर हे मीठ पुन्हा जमिनीत मुरतं, आणि त्याच जमिनीत आपली बोअर आहे.

याच्या उलट्या टोकाला मीठ नको, देखभाल नको म्हणणारे चुंबकवाले आहेत. पाइपला चुंबक बांधा, पाणी 'मऊ' होईल! अहो, कॅल्शियम आत होतं तेवढंच बाहेर येतं. थेंबवालं किट घेऊन त्यांच्या डेमोला जा आणि आधीचा-नंतरचा आकडा काढून दाखवा म्हणा, चेहरा बघण्यासारखा होतो. तिसरी जमात त्वचेची भीती घालणारी. इंग्लंडमध्ये जड पाण्याच्या भागात एक्झिमा असलेल्या ३३६ मुलांवर रीतसर चाचणी झाली, २०११ मध्ये निष्कर्ष छापून आले. १२ आठवडे घरात सॉफ्टनर लावूनही आजारात नेहमीच्या उपचारापेक्षा वेगळा फायदा दिसला नाही. सॉफ्टनर गीझरचा एलिमेंट वाचवतो, वॉशिंग मशीन वाचवतो, साबण वाचवतो. खरा फायदा एवढाच आहे आणि तेवढा पुरेसा आहे. त्यासाठी औषधाचं सोंग कशाला?

पिण्याचं पाणी मात्र सॉफ्टनरच्या आधीच्या नळावरून घ्या, किंवा नंतर आरओ असू द्या. ४०० हार्डनेसचं पाणी मऊ करून दिवसाला तीन लिटर प्यायलं तर साडेपाचशे मिलिग्रॅम सोडियम पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरासाठी २००० च्या आत राहा म्हणते. घरात रक्तदाबाची गोळी घेणारे आई-बाबा असतील तर हे विसरू नका. बागेला आणि फ्लशलाही मऊ पाणी द्यायची गरज नाही. पाइपलाइन वेगळी करता येत असेल तर फक्त अंघोळ आणि कपड्यांचं पाणी मऊ करा, मीठ आपोआप घटेल.

आता तुम्ही म्हणाल, वेळ कुठे आहे? शनिवारी सकाळी दहा मिनिटं. दोन ग्लास, थोडे थेंब, वहीत दोन आकडे, टाकीवरच्या रेघेकडे एक नजर. एएमसीवाल्याला हाकला असं मी म्हणत नाही. तो येऊ दे, पण त्याच्या कागदावर 'मीठ टाकले' ऐवजी आधीचा आणि नंतरचा हार्डनेस लिहायची सक्ती करा, तुमच्यासमोर मोजून. आपण ऑफिसात व्हेंडरकडून प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट मागतो, आणि घरी एक पोरगा पिशवी रिकामी करून गेला की सही करतो. का? कारण ते 'प्लंबिंग' आहे, आपलं काम नव्हे. या आपल्या तोऱ्यावरच त्या कंपनीचं लाखांचं कोटेशन उभं होतं.

आमच्या मीटिंगचं काय झालं? नव्या प्लांटचा ठराव तहकूब झाला, रद्द नाही. कंपनीचा माणूस पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहे, बहुतेक त्याच पेनासकट. सेक्रेटरी काकांनी मात्र परवा लिफ्टमध्ये विचारलं, "ते लाल-निळं किट कुठे मिळतं हो?" मी त्यांना एक बाटली देऊन टाकली. गच्चीच्या दाराला आता एक वही टांगलेली आहे. पहिल्या पानावरचे दोन आकडे माझ्या अक्षरात आहेत, पुढचे सगळे काकांच्या.