कावीळ उतरल्यानंतर

अंबडच्या मत्स्योदरीचें दर्शन घेऊन टेकडी उतरलों, आणि दोन दिवस एका जुन्या स्नेह्यांच्या वाड्यांत राहण्याचा योग आला. बारा माणसांचें घर, चूल एकच. धाकट्या सूनबाईंस दीड महिन्यापूर्वीं कावीळ झाली होती. डोळे निवळले, भूक परतली, रक्ताच्या तपासणीचे आंकडे खालीं आले. पण माडीचा जिना चढल्या कीं त्या भिंतीला टेकत. सासूबाई, स्वभावानें अत्यंत मायाळू, आम्हांस हळूच म्हणाल्या, “कावीळ गेली हो, पण पोरीच्या अंगांत आळस ठेवून गेली.” त्या एका शब्दासाठीं या महिन्याचें पान खर्चीं घालीत आहों.

तो आळस नव्हे. डोळ्यांचा पिवळेपणा उतरला म्हणजे यकृत सावरलें असें आपण समजतों. प्रत्यक्षांत दाह शमल्यावरही थकवा कित्येक आठवडे, क्वचित् कांहीं महिने रेंगाळतो. अन्नांतली साखर सांठवून गरजेप्रमाणें रक्तांत सोडणें, ‘ड’ जीवनसत्त्वास कामाच्या रूपाकडे नेणें, ‘ब-१२’चा सांठा राखणें, हा सारा व्यवहार यकृताचा.

त्यांत आमच्या पथ्याची भर! या घरीं दीड महिना वरण, दूध, तूप, फोडणी सर्व बंद. उसाचा रस, ग्लुकोज आणि पेज एवढ्यावर बाईंस ठेविलें होतें. मळमळ असेपर्यंत तेलकट नकोसें होतें हें खरें. परंतु भूक परतल्यावर वरणभात, दही, भाकरी, बेताचें तूप नाकारण्यास कांहीं कारण नाहीं. दुखावलेल्या यकृतास दुरुस्तीसाठीं प्रथिनें हवींत, तीं उसाच्या रसांत नाहींत. शिवाय रस्त्यावरच्या रसांतील बर्फ कोणत्या पाण्याचा, हें कोण सांगणार? ‘अ’ आणि ‘ई’ या जातींची कावीळ मुख्यतः दूषित अन्नपाण्यानेंच पसरते. २०१२ सालीं इचलकरंजींत आलेली मोठी सांथ ‘ई’ जातीची होती. ही जात गर्भिणीच्या, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, जिवावर बेतते. घरांत गर्भवती असेल तर पाणी उकळूनच द्यावें, आणि डोळे पिवळे दिसतांच तिला रुग्णालयांत न्यावें.

शाकाहारी घरांचा प्रश्न आणखी निराळा. ‘ब-१२’ भाजीपाल्यांत नाहीं. दूधदह्यांत आहे, तेंही बेताचें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं पुण्यानजीकच्या खेड्यांतील गर्भवतींचा अभ्यास केला, तेव्हां निम्म्याहून अधिक जणींत तें कमी आढळलें. येथें एक फसगतही आहे. यकृत सुजलें असतां त्यांतील सांठा रक्तांत गळतो आणि आंकडा भरपूर दिसूं शकतो. सूनबाईंची तपासणी ऐन काविळींतली होती! ती डॉक्टरांस विचारून पुन्हां करावी असें आम्ही सुचविलें. ‘ड’चीही, कारण मराठवाड्यांत ऊन कितीही असलें तरी तें स्वयंपाकघरांत येत नाहीं.

काढ्यांविषयीं दोन शब्द. करोनाच्या सांथींत गुळवेल घेणाऱ्या कांहीं रुग्णांच्या यकृतास दाह झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनीं २०२१ सालीं प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयास ती मान्य झाली नाहीं. वाद त्यांचा त्यांना लखलाभ असो, पण नुकतेंच दुखावलेलें यकृत हें प्रयोगाचें ठिकाण नव्हे.

काम हळूहळू वाढवावें. आज बरें वाटलें म्हणून चार दिवसांचें काम उरकलें कीं पुढचे दोन दिवस अंथरुणांत जातात. पाणी भरणें, पोळ्या लाटणें मागाहून. बसून निवडणें-टिपणें आधीं. सकाळीं थोडें चालणें, जेवणानंतर विश्रांति. मात्र पिवळेपणा परतला, पोट फुगूं लागलें, बोलण्यांत गोंधळ आला, तर क्षणभरही थांबूं नये. थकवा तीन महिन्यांपलीकडे गेला तरीही डॉक्टरांकडे जावें. ‘ब’ व ‘क’ जातींची कावीळ आंतल्या आंत ठाण मांडून बसूं शकते.

निघण्याच्या दिवशीं सूनबाई ओसरीवर मेथी निवडीत बसल्या होत्या. पोळ्या थोरल्या दिरांनीं लाटल्या होत्या. त्यांचे आकार पाहून मुलें हंसत होतीं, पण पानांत एकही उरली नाहीं.