नाव चुकले की कागद हरवतो

कारकुनी करणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कागद बहुधा फाटून हरवत नाही, तो चुकीच्या फाइलीत जाऊन हरवतो. फाइली संगणकात आल्या तरी हा धोका टळलेला नाही. एखाद्या मुलीचा शिष्यवृत्तीचा अर्ज ‘नाशिक’ऐवजी ‘नासिक’ नावाच्या फोल्डरमध्ये पडला, तर शोधणाऱ्याला तो सापडत नाही आणि मुदत निघून जाते. संगणकाच्या लेखी ही दोन नावे सर्वस्वी वेगळी.

अशी जोडनावे होतात कशी? दरवर्षी नवे फोल्डर हाताने केल्यामुळे. आपल्या राज्यात ३६ जिल्हे. गेल्या वर्षाची ३६ नावे नव्या वर्षासाठी पुन्हा टंकायची म्हटले की दोन माणसांच्या दोन तऱ्हा होतात. म्हणून नावे टंकूच नयेत, संगणकाकडूनच उतरवून घ्यावीत.

लिनक्स प्रणालीत याकरिता ‘शेल’ आहे. आपण टंकलेली आज्ञा वाचून ती पार पाडणारा हा दुभाषा. स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ साली युनिक्सबरोबर आला. ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेला ‘बॅश’ १९८९ चा, आणि तो विनामूल्य मिळतो. आज्ञा एका साध्या फाइलीत क्रमाने लिहून ठेवल्या की झाली शेल स्क्रिप्ट.

आपली स्क्रिप्ट चार ओळींची. पहिली ‘फॉर’ची : जुन्या वर्षातील फोल्डर एकेक करून घे. येथे जुन्या फोल्डरच्या नावानंतर तिरकी रेघ, तारा आणि पुन्हा तिरकी रेघ द्यावी. शेवटच्या रेघेमुळे फक्त फोल्डर निवडले जातात, सुट्या फाइली वगळल्या जातात. दुसरी ‘बेसनेम’ची : लांबलचक पत्त्यातून शेवटचे नाव वेगळे काढ. तिसरी ‘एमकेडीआयआर’ची : त्या नावाचा फोल्डर नव्या वर्षात तयार कर. चौथी ‘डन’ : फेरा संपला. तिसऱ्या ओळीत ‘वजा पी’ जोडावे. मग फोल्डर आधीच असला तरी काम अडत नाही आणि आतील कागदांना धक्का लागत नाही.

तीन पथ्ये मात्र पाळावीत. पहिले, नावाभोवती दुहेरी अवतरणचिन्हे हवीत. मोकळी जागा दिसली की शेल नाव तोडतो. चिन्हे नसतील तर ‘मुंबई उपनगर’चे ‘मुंबई’ आणि ‘उपनगर’ असे दोन फोल्डर होतात, आणि दुसरा तर भलत्याच जागी. दुसरे, प्रथम तिसऱ्या ओळीच्या आरंभी ‘इको’ लिहावे. मग संगणक काय करणार ते पडद्यावर नुसते दाखवतो. यादी तपासून ‘इको’ काढावे. तिसरे, जुनी यादी आधी नीट करावी. त्यात ‘नाशिक’ व ‘नासिक’ दोन्ही असतील तर दोन्ही उतरतील. अहमदनगरचे २०२४ साली अहिल्यानगर झाले, हेही स्क्रिप्टला कळत नाही. ती नक्कल करते, विचार आपण करायचा.

शेवटी नव्या वर्षातील फोल्डर मोजावेत. ३६ भरले म्हणजे प्रत्येक जिल्ह्याच्या अर्जाला त्याची जागा मिळाली. आपल्या संस्थेत, मंडळात संगणकावर बसणाऱ्या मुला-मुलींना या चार ओळी जरूर शिकवाव्यात.