साक्षीदार की घुसखोर?

फेब्रुवारी १९९६ मध्ये मुंबईच्या वेश्यावस्त्यांवर छापे पडले आणि ४०० हून अधिक मुली सोडविण्यात आल्या. त्यांतल्या २०० च्या वर नेपाळी होत्या. नेपाळ सरकार त्यांना स्वीकारण्यास कचरले. महिनोन्महिने त्या सुधारगृहांत अडकून पडल्या. त्यांच्यापैकीच काहींनी पुढे ‘शक्ती समूह’ उभारला व २०१३ साली त्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दयेची भीक मागणाऱ्या या स्त्रिया नव्हेत!

नेपाळी स्त्रीला १९५० च्या करारामुळे निदान व्हिसा लागत नाही. बांगलादेशातून विकून आणलेलीचे काय? दलालाने तिला सीमेपार आणले तेव्हा पारपत्र विचारले नाही. ते विचारतो कायदा. २०२५ च्या नव्या कायद्यात विनापरवाना प्रवेशास ५ वर्षांपर्यंत कारावास आहे. गृहमंत्रालयाने १ मे २०१२ रोजी राज्यांना कळविले होते की, अशी स्त्री स्वेच्छेने आलेली नसेल तर तिच्यावर आरोपपत्र ठेवू नये. परंतु सूचना म्हणजे कायदा नव्हे, आणि तिच्यातही अखेरचा मार्ग परत पाठवणीचाच होता. मग दलालाविरुद्ध न्यायालयात उभे राहावे कोणी?

अमेरिकेने २००० साली अशा पीडितांसाठी स्वतंत्र व्हिसा काढला. वर्षाला ५,००० ची मर्यादा, वर पोलिसांना साहाय्य करण्याची अट. भांडवलशाहीचे औदार्यही सौदा करूनच येते. आपल्याकडे तेवढेही नाही. खटला संपेपर्यंत, आणि घरी परतणे धोक्याचे असेल तर त्यानंतरही, येथे राहण्याचा व काम करण्याचा परवाना तिला कायद्यानेच मिळाला पाहिजे. मग तिने साक्ष दिलेली असो वा नसो.