संरक्षण श्रोत्याला की यंत्राला?

घरी स्वतःच्या ऐकण्यासाठी गाणे मुद्रित करून घेणाऱ्यावर कॉपीराइट भंगाचा दावा लावता येणार नाही, हे अमेरिकी संसदेने १९९२ च्या ‘ऑडिओ होम रेकॉर्डिंग ॲक्ट’मध्ये स्पष्टपणे लिहिले. त्याचे १००८ वे कलम ध्वनिमुद्रण यंत्र बनवणाऱ्याला, आयात करणाऱ्याला, विकणाऱ्याला आणि बिगरव्यापारी वापर करणाऱ्या ग्राहकाला दाव्यांपासून मुक्त करते. मात्र घरगुती नक्कल कायदेशीर आहे, असे हे कलम म्हणत नाही; दावा करता येणार नाही, एवढेच म्हणते. हा वकिली काथ्याकूट नव्हे. ज्याला हक्क मिळाला तो आणि ज्याला केवळ खटल्यातून सूट मिळाली तो, यांची स्थिती सारखी नसते. सूट ज्या अटींना बांधलेली असते त्या अटी गेल्या की सूटही जाते, आणि पुढे तसेच झाले.

त्याआधी १९८४ मध्ये सोनीच्या बेटामॅक्स यंत्राबाबत अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला होता. दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम नंतर पाहण्यासाठी टेपवर घेणे रास्त वापरात बसते, असे त्यात ठरले. संगीताचा प्रश्न तसाच राहिला. साध्या कॅसेटची नक्कल करताना दर वेळी खरखर वाढे आणि आवाज पडे. ती मर्यादाच ध्वनिमुद्रण कंपन्यांचे कुंपण होती. १९८७ मध्ये जपानी बाजारात आलेल्या डिजिटल ऑडिओ टेपने, म्हणजे डॅटने, ते मोडले. नकलेची नक्कलही मुळाइतकीच स्वच्छ निघू लागली. खटल्यांच्या धास्तीने ही यंत्रे अमेरिकेच्या बाजारात सहज येईनात. १९९० मध्ये गीतकार सॅमी कान आणि संगीत प्रकाशकांनी सोनीवर दावा लावला, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि त्या तडजोडीतूनच कायदा घडला.

सौदा असा होता: यंत्रात मुळावरून नक्कल होऊ देणारी, पण नकलेवरून पुढची नक्कल अडवणारी प्रणाली बसवायची, यंत्राच्या किमतीवर २ टक्के आणि कोऱ्या टेप-तबकड्यांवर ३ टक्के स्वामित्वधन भरायचे. जमा रकमेचा दोन तृतीयांश भाग ध्वनिमुद्रणाच्या निधीत आणि एक तृतीयांश गीतकार, संगीतकार व प्रकाशकांच्या निधीत. पहिल्या निधीतले ४ टक्के साथीच्या वादक-गायकांसाठी राखले होते. ज्यांची नावे मुखपृष्ठावर येत नाहीत त्यांचा वाटा कायद्यातच लिहिला गेला, ही या व्यवस्थेतील सर्वांत न्याय्य गोष्ट होय.

कायदा फसला तो व्याख्येत. संरक्षण आणि स्वामित्वधन दोन्ही ‘डिजिटल ध्वनिमुद्रण यंत्रा’ला जोडलेले होते आणि सर्वसाधारण संगणक त्या व्याख्येबाहेर ठेवला होता. डॅट घराघरांत पोचलाच नाही; गाणी गेली संगणकात. १९९८ मध्ये आलेल्या ‘रिओ’ या खिशातल्या एमपी-३ प्लेअरविरुद्ध ध्वनिमुद्रण उद्योगाची संघटना न्यायालयात गेली. रिओ संगणकाच्या हार्ड डिस्कवरून गाणी घेतो, ती डिस्क कायद्याच्या अर्थाने संगीतमुद्रण नाही, म्हणून रिओही त्या कायद्याच्या कक्षेत येत नाही, असे अपील न्यायालयाने १९९९ मध्ये ठरवले. स्वामित्वधन बुडाले. दोन वर्षांनी इंटरनेटवरून गाण्यांची देवाणघेवाण घडवणाऱ्या नॅप्स्टरविरुद्धच्या खटल्यात तीच व्याख्या उलट फिरली: संगणक कक्षेबाहेर, म्हणून १००८ व्या कलमाचे कवचही नाही. २०२० मध्ये मोटारीतील हार्ड डिस्कचाही निकाल याच दिशेने लागला. श्रोत्याचे वर्तन तेच होते. बदलले होते फक्त यंत्र. कृतीऐवजी उपकरणाला संरक्षण देणारा कायदा उपकरणाबरोबरच निकामी होणार, हे संसदेने तेव्हाच ओळखायला हवे होते.

जर्मनीने अधिक विचारी वाट धरली. खासगी मुद्रणही हक्कभंग ठरतो, असा निकाल तिथे १९५५ मध्ये लागला. पण तो अमलात आणायचा तर माणसाच्या घरात शिरावे लागले असते. म्हणून १९६५ च्या कायद्याने खासगी नक्कल करण्याची मुभाच दिली आणि मोबदला यंत्रनिर्मात्यांकडून घेतला. आकारणीची यादी काळाप्रमाणे वाढत गेली, मुभा मात्र कृतीशी जोडलेली राहिली. ब्रिटनने २०१४ मध्ये मोबदल्याशिवाय अशी मुभा दिली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्द केली.

भारताच्या १९५७ च्या कायद्यातील ५२ व्या कलमात खासगी वापराची सवलत आधी साहित्य, नाट्य, संगीत व कलाकृतींपुरती होती. ध्वनिमुद्रण तीत नव्हते. कॅसेटच्या ऐन भरात घरोघरी मुद्रण करणाऱ्याला त्या कलमाचा आधार नव्हता. २०१२ च्या दुरुस्तीने संगणक प्रणाली वगळता सर्वच कृती त्यात आल्या. याच दुरुस्तीतील ६५-अ कलम डिजिटल कुलूप तोडण्याला हक्कभंगाचा हेतू असेल तरच गुन्हा मानते; श्रोत्याच्या दृष्टीने हे डिजिटल कुलपांविषयीच्या अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्यापेक्षा उदार आहे. उणीव मोबदल्याची आहे. कोऱ्या माध्यमांवर वा उपकरणांवर आकारणी नाही, त्यामुळे घरगुती नकलेपोटी गीतकार, संगीतकार आणि साथीदारांच्या हाती काहीच पडत नाही. श्रोत्याची मुभा अबाधित ठेवून, साठवणुकीच्या उपकरणांवर माफक आकारणी आणि तीत साथीदारांचा ठरलेला हिस्सा, अशी तरतूद भारतीय संसदेने करावी.