ही शस्त्रक्रिया ‘कॉस्मेटिक’ कशी?



लिंगाची जाडी वाढावी म्हणून भोंदूकडून, नाहीतर मित्राच्याच हातून व्हॅसलिन, पॅराफिन किंवा सिलिकॉन टोचून घेणाऱ्यांना आपल्या पुरवणीतील लेखाने यथेच्छ झोडपले आहे. टोचून झाल्यावर त्या माणसाचे करायचे काय, यावर मात्र एक ओळही नाही.

मुळात ही युक्ती डॉक्टरांचीच. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेरसुनी यांनी १८९९ मध्ये, क्षयामुळे वृषणे गमावलेल्या एका तरुणाच्या अंडकोशात व्हॅसलिन टोचले होते. पुढे दुष्परिणाम दिसले तसा वैद्यकाने हा नाद सोडला.

टोचलेले असले द्रव्य अंगात जिरत नाही. भोवती दगडासारख्या गाठी धरतात, त्या जांघेकडे पसरतात, कातडी फुटून पू वाहतो, ताठरता आली की जीव नकोसा होतो. हायल्युरॉनिक आम्लाचे फिलर असेल तर ते विरघळवणारे इंजेक्शन तरी मिळते. पॅराफिनवर तसला उतारा नाही आणि ते सुईने ओढूनही निघत नाही. गाठींसकट कातडी सोलून काढावी लागते. मग उघड्या लिंगावर मांडीची कातडी बसवतात, किंवा ते अंडकोशाच्या कातडीत पुरून टोक तेवढे बाहेर ठेवतात आणि काही आठवड्यांनी, कातडी धरली की, दुसऱ्या शस्त्रक्रियेत सोडवतात. एवढे सोसलेल्याच्या आरोग्य विम्याच्या क्लेमवर ‘कॉस्मेटिक’ असा शेरा पडतो, तेव्हा यात कोणाचे रूप खुलले ते शेरा मारणाऱ्यानेच सांगावे!

विमा नियामकाने ठरवून दिलेल्या कलमात प्लास्टिक सर्जरी वगळलेली आहे, पण प्रकृतीला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करणारे आवश्यक उपचार त्याला अपवाद आहेत. टोचून वर्षे झाली, आता तातडी कसली, असा यावर प्रश्न येतो. वर्षे गेली ती लाजेपायी. वाहणारी जखम आजचीच आहे. राहिले ‘हौसेने केले, आता भोगा’ हे म्हणणे. तंबाखूने तोंडाचा कर्करोग झालेल्याला आपण ऑपरेशनच्या टेबलावरून उठवून घरी पाठवतो का?

नियामकाने या शस्त्रक्रियेचा अपवादात स्पष्ट उल्लेख करावा. तोवर सर्जननी केसपेपरवर ‘आकार सुधारणा’ असले मोघम शब्द न लिहिता व्रण, संसर्ग, लघवीचा अडथळा जे असेल ते नोंदवावे आणि बायॉप्सीचा अहवाल सोबत जोडावा. आणि रुग्णाला तपासायला एकट्यालाच आत घ्यावे. भावासमोर किंवा बायकोसमोर तो काय टोचले ते सांगणार नाही.

— एक निवृत्त सर्जन, सातारा