चौकटीतला उपहास

ज्या भिंतीवर एके काळी रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी-सरस्वती असे, त्या भिंतीवर आता कोठे कोठे होगार्थचे मद्यपी, गोयाची वटवाघळे किंवा आपल्या मारिओ मिरांडांचे लठ्ठ पुढारी काचेआड विराजमान झालेले दिसतात. जुन्या उपरोधिक चित्रांच्या प्रती चौकटीत बसवून दिवाणखान्यात वा हॉटेलात लावण्याच्या या हौसेला आम्ही नावे ठेवणार नाही. चांगले चित्र कोणत्याही निमित्ताने डोळ्यांसमोर राहिले तर ते इष्टच. मात्र ही चित्रे शोभेसाठी काढलेली नव्हती, एवढे स्मरण ती लावणाऱ्याने ठेवावयास हवे.

विल्यम होगार्थने १७५१ साली लंडनमध्ये ‘जिन लेन’ हे चित्र छापले. पायरीवर बसलेल्या धुंद मातेच्या हातून तिचे मूल खाली कोसळते आहे आणि तिला त्याची शुद्धही नाही, असा त्यातील भयानक देखावा. त्याची किंमत होती एक शिलिंग. जिनच्या विक्रीला आवर घालणारा कायदा ब्रिटिश पार्लमेंटने केला तो त्याच वर्षी. स्पेनच्या गोयाने १७९९ साली ‘काप्रिचोस’ हा ८० चित्रांचा संच माद्रिदमधील अत्तरे व मद्ये विकणाऱ्या एका दुकानात विक्रीस ठेवला. त्यात दांभिक धर्मगुरू होते, लाचखाऊ अधिकारी होते, पैशासाठी जमविलेली लग्ने होती. थोड्याच दिवसांत गोयाला तो संच मागे घ्यावा लागला. ज्या इन्क्विझिशनचा धाक गोमंतकाने १८१२ पर्यंत सोसला, त्याच नावाची सत्ता तेथेही दाराशी उभी होती. फ्रान्सच्या दोमिएने राजा लुई फिलिपला जनतेचे धन गिळणाऱ्या राक्षसाच्या रूपात रंगविले आणि १८३२ साली तुरुंगाची वाट धरली.

आपल्याकडेही ही परंपरा आहे. कलकत्त्याच्या कालीघाटावर पटुए यात्रेकरूंना अल्प किमतीत चित्रे विकत. त्यांतले वैष्णवी टिळा लावलेले, तोंडात कोळंबी धरलेले मांजर प्रसिद्धच आहे. शाकाहाराचे सोंग घेणाऱ्या दांभिकाचे याहून नेमके चित्र क्वचितच सापडेल. नाथांच्या भारुडांवर वाढलेल्या मराठी मनाला, हसवता हसवता कान उपटण्याची ही रीत मुळीच परकी नाही.

या सर्व चित्रांचा रोख त्या त्या काळच्या हयात माणसांवर होता. आज ते राजे, ते धर्मगुरू काळाच्या पडद्याआड गेले आहेत. त्यांना हसावयास आपल्याला काही किंमत मोजावी लागत नाही, म्हणूनच ही चित्रे एवढ्या निर्धास्तपणे भिंतीवर चढतात. आपली खरी कसोटी लागते ती हयात चित्रकाराने हयात सत्ताधाऱ्याचे चित्र काढले म्हणजे. अशा कसोटीचा प्रसंग इंदूर येथे घडला.

इंदूर हे मराठी माणसाला परके शहर नव्हे. होळकरांच्या या राजधानीत १९२७ साली द. दा. देवळालीकर यांनी कलाशाळा उभी केली. बेंद्रे, हुसेन, विष्णू चिंचाळकर यांच्यासारखे कलावंत त्यांच्या हाताखाली घडले. त्याच शहरातील व्यंगचित्रकार हेमंत मालवीय यांच्यावर २०२५ साली गुन्हा नोंदविण्यात आला. पंतप्रधान व राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांच्यावरील त्यांचे एक चित्र २०२१ मधील होते. ते समाजमाध्यमांवर पुन्हा फिरू लागल्यावर ही तक्रार झाली. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने त्यांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना अटकेपासून अंतरिम संरक्षण दिले. मात्र ते देताना न्यायमूर्तींनी त्या चित्राबद्दल नापसंतीही स्पष्ट शब्दांत व्यक्त केली.

ते चित्र सुरुचीला धरून होते, असा आमचा दावा नाही. श्रद्धास्थानांना हात घालताना चित्रकाराने दहा वेळा विचार करावा, हेही आम्हास मान्य आहे. परंतु अभिरुचीचा निवाडा एक आणि फौजदारी कायद्याचा निवाडा दुसरा. होगार्थ आणि दोमिए यांची चित्रेही त्यांच्या काळच्या सभ्य मंडळींना ओंगळच वाटली असतील. ज्याची अभिरुची आम्हास खटकते त्याच्यावर टीका करावी, त्याचे चित्र विकत घेऊ नये, त्याला उत्तर देणारे दुसरे चित्र काढावे. चार वर्षांपूर्वीच्या चित्रासाठी बेड्या काढणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

मार्गही उपलब्ध आहे. सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी यांच्या प्रकरणात असे सांगितले की, तीन वर्षे किंवा अधिक, पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या, शब्दांतून घडलेल्या म्हटल्या जाणाऱ्या अपराधांत गुन्हा नोंदविण्यापूर्वी प्राथमिक चौकशी करणे सर्वसाधारणपणे उचित ठरेल. शिवाय त्या शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या विचारी माणसाच्या दृष्टीने पाहावा, सदैव भेदरलेल्याच्या दृष्टीने नव्हे. जो न्याय शब्दाला तोच रेषेला लागू करून हा दंडक प्रत्येक पोलीस ठाण्याने पाळला, तर निम्मे प्रश्न तेथेच मिटतील.

उरलेले काम समाजाचे आहे. शाळांनी आणि कलादालनांनी ही जुनी चित्रे जरूर लावावीत. मात्र प्रत्येकाखाली ते कोणावर रोखले होते आणि त्यापायी चित्रकाराने काय सोसले, हे चार ओळींत लिहावे. इंदूरच्या देवळालीकर कला वीथिकेत असे एखादे प्रदर्शन भरले तर ते त्या गुरूच्या स्मृतीला साजेसेच होईल. गोमंतकातही मारिओंची चित्रे पाहून जो पुढारी हसतो, त्याने उद्या स्वतःवरचे चित्र पाहूनही हसण्याची तयारी ठेवावी. तेवढी तयारी नसेल, तर त्याच्या भिंतीवरच्या त्या चौकटीला फारसा अर्थ उरत नाही.