विंडोज ८ ची पहिली झलक आणि दुर्लक्षित राहिलेला इशारा

मायक्रोसॉफ्ट कंपनीने १३ सप्टेंबर २०११ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात अ‍ॅनाहाईम येथे भरलेल्या 'बिल्ड' परिषदेत विंडोज ८ या संगणक प्रणालीची प्राथमिक आवृत्ती सादर केली. 'डेव्हलपर प्रिव्ह्यू' या नावाची ही आवृत्ती त्याच दिवशी इंटरनेटवर सर्वांसाठी विनामूल्य खुली करण्यात आली. पहिल्या बारा तासांतच ती पाच लाखांहून अधिक वेळा उतरवून घेतली गेली. या आवृत्तीने निर्माण केलेले पहिले मत पुढे कितपत खरे ठरले, याचा मागोवा आजही उद्बोधक आहे.

अनुकूल मत प्रामुख्याने वेगाविषयी होते. संगणक अल्पावधीत सुरू होत असे आणि विंडोज ७ ला पुरेसे असलेले यंत्र नव्या प्रणालीलाही पुरत असे. कोणते काम किती क्षमता व्यापते हे दाखवणारा टास्क मॅनेजर नव्याने रचण्यात आला होता. फायलींची नक्कल मध्येच थांबवून पुन्हा सुरू करण्याची सोयही मिळाली होती. हे गुण अंतिम आवृत्तीतही कायम राहिले.

प्रतिकूल मत मात्र पहिल्याच पडद्यापासून सुरू होत होते. संगणक सुरू होताच नेहमीच्या डेस्कटॉपऐवजी रंगीत चौकटींचा 'मेट्रो' पडदा समोर येई. डेस्कटॉपवर जाऊन स्टार्ट बटण दाबले, तर परिचित यादी न उघडता वापरकर्ता पुन्हा त्याच चौकटींकडे परते. इंटरनेट एक्सप्लोरर दोन रूपांत होता आणि नियंत्रणाची व्यवस्थाही दोन ठिकाणी विभागलेली होती. एकाच यंत्रात दोन प्रणाली शेजारी-शेजारी नांदत असल्याची भावना अनेक परीक्षकांनी व्यक्त केली.

या रचनेमागे निश्चित कारण होते. २०१० मध्ये अ‍ॅपलचा आयपॅड बाजारात आला आणि बोटाच्या स्पर्शाने चालणाऱ्या उपकरणांकडे ग्राहकांचा ओढा वाढला. टॅब्लेट आणि डेस्कटॉप या दोन्हींसाठी एकच प्रणाली असावी, असे विंडोज विभागाचे तत्कालीन प्रमुख स्टीव्हन सिनॉफ्स्की यांचे धोरण होते. स्टार्ट मेन्यूचा वापर घटत असल्याचा निष्कर्ष कंपनीने वापराच्या नोंदींवरून काढला होता. परंतु एखादी सोय किती वेळा वापरली जाते आणि तिच्यावर किती भिस्त असते, या भिन्न गोष्टी आहेत. विंडोज ९५ पासून सोळा वर्षे पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात असलेले ते बटण म्हणजे वाट चुकल्यावर परतण्याची हमखास जागा होती. ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही, अशा भारतातील असंख्य वापरकर्त्यांसाठी तर शब्दांपेक्षा जागेची ओळखच अधिक मोलाची होती.

प्राथमिक आवृत्तीचा उद्देश अशा उणिवा वेळीच ध्यानात याव्यात हा असतो. प्रत्यक्षात उलट घडले. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी आलेल्या 'कन्झ्युमर प्रिव्ह्यू' आवृत्तीत स्टार्ट बटण डेस्कटॉपवरून काढूनच टाकण्यात आले. माऊस कोपऱ्यात नेल्यावरच तो मार्ग दिसे. टीका वाढली, तरीही २६ ऑक्टोबर २०१२ रोजी प्रणाली मूळ आराखड्यानुसारच विक्रीस आली. पुढच्याच महिन्यात सिनॉफ्स्की यांनी कंपनी सोडली. जुलै २०१३ मध्ये, न खपलेल्या सरफेस आरटी टॅब्लेटपोटी कंपनीला सुमारे ९० कोटी डॉलरची झळ सोसावी लागली. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी आलेल्या विंडोज ८.१ मध्ये स्टार्ट बटण परतले आणि थेट डेस्कटॉपवर जाण्याची मुभाही मिळाली. जुनी यादी मात्र परतली नाही.

फेब्रुवारी २०१४ मध्ये मूळचे हैदराबादचे सत्या नाडेला कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला विंडोज १० च्या प्राथमिक आवृत्तीची घोषणा झाली, तेव्हा स्टार्ट मेन्यूचे पुनरागमन हेच तिचे ठळक वैशिष्ट्य होते. यावेळी 'इन्सायडर' योजनेद्वारे वापरकर्त्यांचे अभिप्राय नियमितपणे मागवण्यात आले. २९ जुलै २०१५ रोजी विंडोज १० सर्वांसाठी उपलब्ध झाली. मूळ विंडोज ८ साठीचे सहाय्य तर १२ जानेवारी २०१६ रोजी संपलेच.

नव्याला होणारा प्रत्येक विरोध योग्य असतो असे नाही. सवयीतून आलेली नाराजी कालांतराने ओसरते, आणि कंपनीने याच समजुतीवर विसंबून राहणे पसंत केले. विंडोज ८ बाबतची तक्रार मात्र रंगरूपाची नव्हती. रोजचे काम करताना वाट सापडत नाही, असे लोक सांगत होते. नाराजीचे हे दोन प्रकार वेगळे ओळखले गेले असते, तर २०११ मध्येच सुधारणा शक्य होती. चाचणीसाठी प्रणाली खुली करणे जितके महत्त्वाचे, तितकेच आलेल्या अभिप्रायानुसार आराखडा बदलण्याची तयारी ठेवणेही महत्त्वाचे असते, हे या अनुभवातून स्पष्ट झाले.